खिंडीतल्या चढाची रजा

आमच्या खारवेळच्या खिंडीतला चढ शुक्रवारी सकाळी ग्रामपंचायतीत रजेचा अर्ज ठेवून निघून गेला. उतार तेवढा राहिला.

रस्ता जागच्या जागी होता. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कातळ, मधे डांबर. पण खारवेळहून निघालं की खिंडीपर्यंत उतार आणि खिंडीतून पुढे सुरुबनपर्यंत उतारच. सुरुबनहून परत यायला निघालं तरी तसंच. दोन्ही बाजूंचं काम तो एकटा चढ बघत होता, म्हणून तो गेला तेव्हा दोन्हीकडचा गेला.

खिंडीच्या माथ्यावर माझी टपरी आहे. घावने, चटणी, कोकम सरबत. नवऱ्याचा हात होडीच्या इंजिनात गेला त्या वर्षी टाकली, त्याला चौदा वर्षं झाली. घर तिच्यावरच चालतं. गिऱ्हाईक म्हणजे सायकलवाले. आमचा रस्ता हमरस्ता नव्हे, दिवसाला दोन एसट्या आणि सरपंचाची एक जीप. म्हणून पुण्या-कोल्हापूरची माणसं इथे सायकली घेऊन येतात, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखी टोपी घालून. शांत रस्ता आहे म्हणतात. चढ चढून माथ्यावर येतात तेव्हा तोंडं लाल झालेली, बोलता येत नाही, नुसतं बाटलीकडे बोट दाखवतात. मी सरबत देते. मग बसतात, मग घावने मागतात, मग कुठे समुद्राकडे बघून छान आहे म्हणतात. समुद्र खालूनही तोच दिसतो, पण खाली कोणी थांबत नाही. दमल्याशिवाय माणूस थांबत नाही.

शनिवारी सायकलींची रांग लागली आणि एकही थांबली नाही. सूं करून आल्या, सूं करून गेल्या. पुण्याच्या केतकर बाई दातांच्या डॉक्टर आहेत, दर महिन्याला येतात, माझ्याकडे चार घावने खातात. त्यांनी लांबून हात केला आणि मी हात वर करेपर्यंत त्या सुरुबनच्या शाळेपाशी पोचल्या होत्या. तिसऱ्या फेरीला बिचाऱ्या कशाबशा थांबल्या.

“काकी, तुम्ही टपरी हलवलीत का?”

“मी इथेच आहे. तुम्हीच हलताय.”

“उतारावर ब्रेक लावायचं जिवावर येतं हो.”

“मग सरबत देऊ?”

“तहानच नाही लागली,” त्या म्हणाल्या आणि ओशाळल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं बरं.

रविवारी भिजवलेलं पीठ आंबलं ते म्हशीला घातलं. सोमवारी पंचायतीचं दार उघडायच्या आधी मी पायरीवर बसले होते. ग्रामसेवक शिरधनकर आले, कुलूप काढलं, टेबल झटकलं, मग माझ्याकडे बघितलं.

“चढाला रजा कोणी दिली?” मी विचारलं.

“मी. अर्ज नमुन्यात होता. दोन प्रतींत.”

“चढाला सही येते?”

“अंगठा आहे.” त्यांनी फाईल काढली. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर डांबर होतं आणि शेजारी शिपायाने ‘समक्ष’ लिहिलं होतं. वरचा मजकूर वाचायला मला माझी चौथी पुरली. कारण: थकवा व अपमान. मुदत: एक वर्ष.

“आणि माझ्या चुलीचं काय?”

“वहिनी, तुमची चूल अर्जात नाही.”

“तर घाला.”

“चढाच्या अर्जात चूल घालता येत नाही. बदली माणूस दिलात तर चढाची जागा भरता येते. तशी तरतूद आहे.” आणि त्यांनी मला तरतूद दाखवली. होती खरी.

मंगळवारी ग्रामसभा भरली. मला वाटलं होतं गाव माझ्या बाजूने उभा राहील. गाव खुशीत होता. म्हातारे दोन्ही वेळा खालीच उतरत होते, एसटी वीस मिनिटं आधी पोचत होती. हौसा पावसकर उठली. ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सुरुबनला जाते, लग्न होऊन आली तेव्हापासून.

“यशोदे, माझे गुडघे बघ,” ती म्हणाली. “आता कुठे देव उतार देतोय तर तू नको म्हणतेस?”

“देव नाही देत, ग्रामसेवक देतोय.”

“कोणी का देईना. तू टपरी खाली लाव.”

“खाली कोण थांबतं?”

यावर ती बसली, कारण तिला माहीत होतं. सरपंच अनंत भुवड म्हणाले, “बघू.”

“बघू म्हणजे काय?”

“बघू म्हणजे ठराव नाही.” आणि ते चपला शोधायला लागले.

मग मीच गेले चढाला शोधायला. तो सुरुबनच्या पुळणीवर होता. चढ आडवा पडला की सपाट दिसतो, म्हणून मी एकदा त्याच्यावरून चालत पुढे गेले. डांबराचा वास आला तेव्हा मागे फिरले.

“ऊठ,” मी म्हटलं.

“रजेवर आहे.”

“माझी चूल विझायला आलीय आणि तू वाळूत लोळतोस? कसला अपमान झाला रे तुझा?”

“नारळ,” चढ म्हणाला.

दसऱ्याला आमचा गाव खिंडीतल्या दगडावर चढाचा नारळ फोडतो. जुनी रीत आहे, एकदा एक भरली बैलगाडी मागे घसरली होती तेव्हापासूनची. चढाने गाडी धरावी म्हणून नारळ.

“रस्ता रुंद केला तेव्हा ठेकेदाराने तो दगड वीस पावलं पुढे सरकवला,” चढ म्हणाला. “माथ्याच्या पलीकडे. गुरव गावाकडून येतो, दगड बघतो, नारळ फोडतो. त्याच्या पायाखाली तेव्हा उतार असतो. अकरा वर्षं माझा नारळ उतार खातोय.”

मी मनात दगडाची जागा बघितली. बरोबर होतं. अकरा दसरे मी स्वतः तिथे पदर घेऊन उभी होते आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही.

“आणि शिव्या मला,” तो पुढे म्हणाला. “वर येताना जो तो आईवरून बोलतो. तोच माणूस माथा ओलांडला की हात सोडून आनंदाने ओरडतो. कोणाच्या नावाने? उताराच्या. त्याने काय केलं? तो नुसता पडलेला असतो.”

“नारळ देववते तुला. सगळे मागचे देववते.”

“द्या, घेईन. पण रजा सोडणार नाही. वहिनी, मी दमलोय.”

मला आयुष्यात कोणाचं पटत नाही, त्याचं पटलं. दमलेल्याला उठवू नये. मी स्वतः चौदा वर्षांत एक दिवस टपरी बंद ठेवलेली नाही, ती काय हौस म्हणून नव्हे.

“मग बदली कोण देऊ?”

“ज्याच्यापुढे माणसाला धाप लागते असा कोणीही चालेल.”

गुरुवारी परत सभा बोलवायला लावली. शिरधनकरांनी पात्रता वाचून दाखवली: गावचा रहिवासी असावा, जागेवरून हलणारा नसावा, समोर आलेल्याला धाप लागावी. वाचून झालं तेव्हा सगळा गाव माझ्याकडे बघत होता.

“माझ्याकडे काय बघता?” मी विचारलं.

“सरपंचांना विचार,” हौसा म्हणाली. “मंगळवारी तुझ्यापुढे त्यांना दोन्ही चपला सापडत नव्हत्या.”

अनंत भुवड जमिनीकडे बघत म्हणाले की त्यांची हरकत नाही.

“मी चढ होईन,” मी म्हटलं, “पण डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मी चढ नाही. तिला सपाट. लिहा.”

शिरधनकरांनी ‘पाटीधारक महिला वगळून’ असं लिहिलं. हौसाने पिशवीतून पान काढून मला दिलं.

टपरीचा प्रश्न राहिला. माझा नवरा एका हाताने सरबत ढवळतो, पण घावने त्याला उलटत नाहीत. चढ सभेला आला होता, मागे भिंतीला टेकून. तो म्हणाला, मी बसतो टपरीवर.

“रजेत दुसरं काम चालतं का?” सरपंचांनी विचारलं.

शिरधनकरांनी पुस्तक चाळलं. “चढाने घावने घालू नयेत असं कुठे नाही.”

“पण तुला कशाला?” मी चढाला विचारलं. “दमलास ना?”

“माथ्यावर मी कधी बसलेलो नाही,” तो म्हणाला. “माथा आला की मी संपतो.”

दुसऱ्या दिवशी मी रुजू झाले. नारळाचा दगड वीस पावलं मागे आणला, गुरवाने सगळे थकलेले नारळ एका बैठकीत फोडले आणि मी खारवेळच्या वडापासून आडवी झाले. पहिले आठ दिवस पाठ भरून येत होती. एसटी जाते तेव्हा दात आवळून धरावे लागतात. उजाडताना समुद्र अगदी कानाशी असतो.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी केतकर बाई आल्या. अर्ध्यात त्यांचा श्वास तुटला, पण पाय थांबवले नाहीत. माथ्यावर पोचल्या, बाटलीकडे बोट दाखवलं, चढाने सरबत दिलं. त्यांच्यामागची पोरंही थांबली. चढाच्या घावनांना जाळी पडत नाही, तवा तापायच्या आधी पीठ ओततो, मी खालून ओरडून सांगते. लोक खातात. दमलेला माणूस जाळी बघत नाही.

शिव्या मलाही देतात. चढ सहन करायचा, मी करत नाही. आईवरून कोणी बोललं की मी त्याच्यापुरती थोडी उभी होते. आता बरेच जण तोंड मिटून येतात, त्यामुळे रस्ता पूर्वीपेक्षा शांत झालाय असं त्यांचंच म्हणणं आहे.

हे मी सोमवारी लिहितेय, सोमवारी सायकली नसतात. चढाने रजा वाढवून मागितली आहे. शिरधनकरांनी विचारलं, तुमची हरकत आहे का. मी म्हटलं, त्याला आधी घावने नीट येऊ देत.

काल कोल्हापूरचे एक जाडे गृहस्थ माझ्या मध्यावर सायकलवरून उतरले. सायकल ढकलत, घाम पुसत मला म्हणाले, “बाई, संपत कशा नाही तुम्ही?”

“अजून दोन वळणं आहेत,” मी म्हटलं. “वर तवा तापलाय. चला.”

ते चालू लागले.