रिकामं बसण्याचा दर

खट् करून शिलाई मशीनची सुई मोडली आणि दुपारची शांतता भंगली. बेरोजगाराच्या घरातून आवाज येणं ही केव्हाही गंभीर बाब असते. दारात बेरोजगारी विम्याचा तपासनीस उभा असला तर जास्तच.

शिलाईवाली तोंडात टाचण्या धरूनच उठली. कपड्यांचा कारखाना बुडाल्यापासून ती विम्याच्या भत्त्यावर होती. घरात कमावणारी तीच. भत्ता तुटला तर भाडं तुंबणार, आणि घरमालकाचा स्वभाव विम्यात बसत नव्हता.

विमा मात्र अत्यंत न्याय्य. प्रत्येकाला शेवटच्या पगाराच्या निम्मे. त्यामुळे मॅनेजरसाहेब आणि शिलाईवाली यांच्यात कारखान्याने इतकी वर्षं जपलेलं अंतर कुठेही न चेपता दोघांच्या घरी सुखरूप पोचलं. (मशीनं भंगारात गेली.) अट एकच: कामाला सदैव तयार राहायचं आणि काम करायचं नाही.

तपासनीस भला माणूस. त्याने मशीनवरचा फ्रॉक हळूच उचलून पाहिला.

“लेकीचा आहे हो भाऊ. उद्या वाढदिवस तिचा.”

“गोड आहे. पण शिलाई तुमचा धंदा ना, ताई? मग हे काम झालं.”

साहेबांकडे जाऊन आलात का, असं तिने टाचण्यांआडून विचारलं. तो तिथूनच येत होता. साहेब भुशाने माखून चौथ्या खुर्चीवर रंधा मारत होते. (आधीच्या तीन शेजाऱ्यांनी विकत घेतल्या.)

“तो छंद. त्यांचा धंदा मॅनेजरी. घरात कुणावर ओरडतात का, हे मी बाईसाहेबांना मुद्दाम विचारलं. नाही म्हणाल्या.”

या खेपेला भत्ता तोडत नाही, असं म्हणून त्याने मशीनला कागदी पट्टी चिकटवून सील ठोकलं, आणि दुसरी बाही नोकरी लागल्यावर शिवा, असा मायेचा सल्ला दिला.

तो गेल्यावर लेकीने एका बाहीचा फ्रॉक चढवला आणि आईच्या मांडीवर येऊन बसली. आईने तिच्या उघड्या दंडावरून हात फिरवला. (ज्या वाचकांना विम्याचं गणित पटलं असेल, त्यांनी पुढच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. आईच्या तोंडात टाचण्या आहेत.)

“आई, साहेबांना रिकामं बसायचे जास्त पैसे देतात. ते आपल्यापेक्षा छान बसतात का गं?”