कार्डावरचं वय

सोमवारी दहाला लॅबमध्ये हजर व्हा, नाहीतर येऊच नका, असं तनुजाला शुक्रवारी फोनवर सांगण्यात आलं. रजा दोनदा वाढवून झाली होती. आठ महिन्यांच्या अक्षराला सांभाळायला बाई मिळत नव्हती. खरं सांगायचं तर बाया मिळत होत्या, नवऱ्याला पटत नव्हत्या.

श्रीशैलने वयाचा नियम केला होता. तिशीच्या आतली नको, ती मोबाइलात डोकं घालून बसते. पन्नाशीच्या वरची नको, ती लेकरू घेऊन पडते. नियम करणाऱ्या या माणसाने आठ महिन्यांत लेकीचा एक लंगोट बदललेला नव्हता. शेजारची पुनम एकोणीसची, म्हणून गेली. चोपन्नची एक बाई आली, तिला तर त्याने उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं.

शनिवारी सिंधुबाई आल्या. मूळच्या उमरीच्या, आता नांदेडात लेकीकडे. दंड भक्कम, केस काळे. चप्पल काढली, हात धुतले आणि रडून लाल झालेल्या अक्षराला कुणाला न विचारता खांद्यावर टाकलं. दोन मिनिटांत पोरगी गप. कितीतरी दिवसांनी तनुजाने चहा गरम असताना प्यायला.

"आधार दाखवा," श्रीशैल म्हणाला.

कार्डावर वय निघालं एकाहत्तर.

सिंधुबाईंना काहीच वाटलं नाही. म्हाताऱ्यांचा सरकारी पगार लागावा म्हणून गावातल्या व्यंकटरावांनी वीसेक वर्षं चढवून दिली होती, निम्म्या गल्लीला दिली होती, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. खरं वय कुठं लिहिलेलं नव्हतंच.

"भूकंप झाला तवा माझी थोरली पाळण्यात व्हती," त्या म्हणाल्या. "तिथून धरा."

त्र्याण्णवच्या भूकंपाला अठराच्या धरल्या तर पन्नासच भरत होती. नियमात बसत होत्या. पण श्रीशैलने तनुजाला आत बोलावलं.

"कार्ड खरं असलं तर बाई म्हातारी. खोटं असलं तर लबाड. कसंबी धर, नको."

मग सोमवारी तुम्ही थांबा घरी, असं तनुजा म्हणाली. त्याने ते ऐकलंच नाही. बायकोची नोकरी म्हणजे त्याला हौस वाटायची, गेली तर गेली. फोन काढून त्याने उदगीरला आईला लावला. नातीला बघायला ये म्हणाला, राहायचं बोलला नाही. तनुजानेही मग त्याला न विचारता सिंधुबाईंना रविवारी परत बोलावलं.

रविवारी दुपारी सासूबाई, नीलाबाई, आल्या त्या एसटीचं कौतुक करतच. पंचाहत्तरीच्या वरच्यांना तिकीट नाही म्हणे. येताना फुकट, जाताना फुकट. त्यांनी पिशवीतून कार्ड काढून सुनेपुढे धरलं. वय शहात्तर.

"अव्वा, ठेव ते आत," श्रीशैल घाईने म्हणाला.

सिंधुबाई अक्षराला थोपटत कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "भूकंप झाला तवा साहेब केवढे व्हते, माय?"

"ह्यो? पाळण्यात की. ह्याला उचलून तशीच अंगणात पळाले मी. एकोणीस-वीसची असंन."

तनुजाने बोटांवर मोजलं. एक्कावन्न-बावन्न.

"कार्ड कुणी करून दिलं, अव्वा?" तनुजाने विचारलं.

"ह्यानंच. दोन चकरा मारल्या लेकरानं."

"ते येगळं हाय," श्रीशैल म्हणाला. कसं वेगळं, ते त्याने सांगितलं नाही. उलट, सिंधुबाईंनी आता निघावं, अव्वाच राहणार आहे, असं जाहीर केलं.

नीलाबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने नियम सांगितला, सिंधुबाईंचं कार्ड सांगितलं, सोमवारचे दहा सांगितले. उदगिरात नीलाबाईंचा पापडांचा गट होता, सोळा बायका त्यांच्या हाताखाली. त्यांनी कार्ड पिशवीत टाकलं आणि बंद आवळला.

"पन्नाशीच्या वरची चालत न्हाई म्हणलास न्हवं? मी शहात्तरची हाव, बाबा. तूच केलंस. उद्या सकाळच्या गाडीनं जाते."

सोमवारी सव्वानऊला सिंधुबाई अक्षराला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि माय, लेक, सून अशी तिघं ऑटोने निघाली. आधी स्टँड, मग लॅब. उदगीरची गाडी लागलेली होती. कंडक्टरने कार्ड बघितलं, नीलाबाईंचे काळेभोर केस बघितले, परत कार्ड बघितलं.

"साहेब, तुम्ही कोण ह्यांचे? मुलगा ना? मग सांगा, खरं हाय का हे?"

मागे रांग थांबली. तनुजाने घड्याळ बघितलं, नऊ चाळीस. मग ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लबाड हा शब्द त्याने शनिवारी किती सहज वापरला होता.

श्रीशैलने घाम पुसला.

"हाव," तो म्हणाला. "शहात्तर."

नीलाबाईंनी लगेच कंबर वाकवली. "मग बघत काय उभारलास? म्हाताऱ्या मायला चढायला हात दे."