आप्पारावांनी ओव्हन उघडला

पाथरीत सविताच्या ओव्हनचं दार अडकलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि आत दोन किलोचा केक होता. मुख्याध्यापिका राजेश्रीबाईंच्या निरोप समारंभासाठी तो पाच वाजता शाळेत पोचवायचा होता. सविताची ही पहिलीच मोठी ऑर्डर. केक भाजून झाला, ओव्हन आपोआप थांबला, पण पडद्यावर कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं आणि दार हलेना.

तिनं माहितीपुस्तक उघडलं. उपाय सोपा होता: मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवा. अडचण एवढीच, की तोवर सासरे आप्पाराव हत्यारांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात पोचले होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. यंत्रांच्या इतक्या जवळ बसल्यावर विद्या आपोआप अंगात मुरते, असा त्यांचा समज होता.

"मामा, पुस्तकात लिहिलंय, लाईट बंद करा."

"पुस्तक लिवणाऱ्यानं आपला ओव्हन बघितलाय का? लाईट बंद केल्यावर बिमारी कशी कळंल? बटनाला हात लावू नको!"

आधी त्यांनी टरबूज पारखावं तसा ओव्हन ठोकून पाहिला. मग फटीत सुरी घातली. सुरीचं टोक आतच राहिलं. मग तेल सोडलं. धूर निघाला.

"घर पेटवायलाव का?" बाहेरून वच्छलाबाई ओरडल्या.

"धूर निघायलाय म्हंजी मशीन जित्तं हाय!" आप्पारावांनी बायकोला धीर दिला आणि दाराची मूठच काढून ठेवली. आता दार उघडायला धरायचं काय, हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला.

तेवढ्यात राजेश्रीबाईंचा फोन. "केक झाला का गं?"

"झालाय मॅडम. फक्त बाहेर यायचा राहिलाय."

फोन ठेवून सविता ओसरीत गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. पाथरीत लाईट का गेली, असं कुणी विचारत नाही. आप्पारावांनीही विचारलं नाही. ते घाम पुसत फटीत पेचकस फिरवत राहिले. बरोबर दहा मिनिटांनी तिनं स्विच वर केला. टक् असा आवाज झाला आणि दार सैल पडलं.

"बघितलंस? नस सापडावी लागती!" पेचकस उंचावत आप्पाराव म्हणाले.

सवितानं उलथन्यानं दार ओढलं, केकचा करपलेला माथा कापला, वर जाड क्रीम थापलं आणि पाच वाजता शाळा गाठली. खरं काय ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मामांनी मेन स्विच दुरुस्तीला घेतला असता.

संध्याकाळपर्यंत आप्पारावांनी ही कथा अख्ख्या चौकाला ऐकवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच वालूरहून त्यांच्या जुन्या सोबत्याचा, सिद्धोधनचा फोन आला. त्याच्या वॉशिंग मशीनचं दार उघडत नव्हतं आणि आत लेकीच्या साखरपुड्याचे कपडे होते.

"फिकर करू नको, निघालोच!" आप्पारावांनी पिशवी उचलली.

सविताला सिद्धोधनची दया आली. ती क्षणभर दारात घुटमळली. मग तिनं सासऱ्यांच्या हातात दशम्यांची पुरचुंडी दिली.

"मामा, एवढ्या लांब चाललाव, तर दोन दिवस राहूनच या."