चारुलताबाईंनी शाळेची चिंच राखिली ते हकीकत

॥ श्री ॥ मूळ पाताळी, शेंडा आभाळी, मध्ये ढोलीत पोपटांचे बिऱ्हाड, ऐशा वृक्षराजास साष्टांग नमन करोन हकीकत सादर ती ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, नदीकाठच्या एका नगरात चारुलताबाई मोहरीर नामे दंतवैद्या बहुत नामांकित होत्या, आणि त्यांचा दवाखाना ऐन चौकात, आणि खुर्ची ऐसी की कळ दाबिता मागे लवे, आणि भले भले मिशाळ सरदार तीत बसता मांजर होत. सोळा वर्षे हा कारभार उत्तम चालिला. मग एके दिवशी बाईंनी एका सावकाराचे तोंडात आरसा घातला असता खिडकीतून पाहिले, तो नगराची माणसे समोरच्या गुलमोहरावर कोयते चालवीत होती, आणि फांदी मोडोन पडताना खोडाची साल हातभर सोलोन खाली नेत होती. बाईंस राहवले नाही. सावकारास तैसाच आ वासलेला ठेवोन त्या खिडकीत गेल्या आणि गर्जल्या, "अहो, हे कापणं आहे की ओरबाडणं?" खालचा म्हणाला, "मॅडम, तुम्ही आपले दात बघा." बाई बोलिल्या, "बघितले सोळा वर्षं. पुरे झाले." आणि सावकाराची दाढ तेवढी मार्गी लावोन, शटर खाली ओढोन, बाईंनी दंतराज्याचा त्याग केला तो केलाच.

संवत्सराचे नाव क्रोधी, आणि क्रोध तो बाईंच्या मातोश्रींस आला. मातोश्री म्हणाल्या, "डॉक्टरीण म्हणून मान होता, आता माकडासारखी लोंबकळणार? लग्नाच्या पंगतीत विचारलं लेक काय करते, तर काय सांगू, चढते?" बाई म्हणाल्या, "उतरतेसुद्धा, असं सांग." आणि दोरखंडांची विद्या शिकावी म्हणोन त्या इस्माईल सारंग यांजकडे गेल्या. हे सारंगचाचा उमेदीत जहाजावर होते, आणि दर्या सोडल्यावर झाडांवर दोर टाकोन फांद्या उतरवीत, आणि स्वतःची स्तुती स्वतःच करीत, दुसऱ्यावर तो भार टाकीत नसत. म्हणत, "सात दर्यांत माझ्यासारखी गाठ मारणारा दाखव, मिशी उतरवतो!" मग बाई कमरेस पट्टा आणि मस्तकी हेल्मेट नामे शिरस्त्राण धारण करोन चढो लागल्या, आणि प्रथम वडावरून उलट्या टांगल्या गेल्या, आणि मग सुलट्या टांगल्या गेल्या, आणि मग टांगणे जाऊन चढणे आले.

परंतु पहिलेच स्वतंत्र मोहिमेस घात जाहला. कन्याशाळेच्या पटांगणी पुरातन चिंच, तिचे बुंध्यास मोठी ढोली. बाईंनी ढोली पाहिली आणि जुनी सवय हातात उतरली. त्यांनी ती खरवडोन, धुवोन, वाळवोन, सिमेंटाने चिरेबंद बुजविली, वर बोट फिरवोन गुळगुळीत केली, आणि चिंचेस म्हणाल्या, "दोन तास काही खाऊ नका." ऐकोन मुली गडबडा लोळल्या. सारंगचाचा आले, पाहिले, आणि कपाळास हात लाविला. "काय गो बाय, आता कवळी पण बसवणार काय हिला? झाड वाऱ्यात डोलतं, तुझं सिमेंट डोलतं काय? मागे पाणी साठेल नि आतून कुजेल!" बाईंचे मुख चिंच खाल्ल्यासारखे जाहले. दुसरेच दिवशी छिन्नी घेवोन त्यांनी सर्व सिमेंट काढिले, ढोली मोकळी केली, पोपट परत आले. परंतु नगराने नाव ठेविले ते सिमेंटबाई. भाजीवालीसुद्धा म्हणे, "सिमेंटबाई, मेथी देऊ का?"

मग शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी ध्वजवंदनास नगरपती धैर्यशीलराव यांची स्वारी कन्याशाळेत आली, आणि नवी कोरी मोटार त्यांनी चिंचेखाली सावलीत लाविली, आणि राष्ट्रगीत संपते न संपते तो वाळकी फांदी काडकन मोडोन मोटारीच्या काचेवर आली. नगरपतींची मर्जी खप्पा जाहली. हुकूम फर्माविला की, चिंच भुईसपाट करावी. सिमेंटबाईने हात लाविलेले झाड, आत भुसाच असेल. मग जेसीबी नामे पिवळा गज सोंड उगारोन दारी उभा राहिला. मुलींनी चिंचेस कडे केले. बाईंस वर्तमान कळताच त्या स्कूटरवरून वाऱ्यासारख्या आल्या. चिंच पडली तर आपली विद्याही तिजबरोबर पडली, या नगरात कुंडीतली तुळससुद्धा कोणी आपले हाती देणार नाही, हे त्या जाणोन होत्या. त्यांनी झोळीतून लाकडी हातोडी काढिली आणि जैसे दात ठोकोन पाहावे तैसे बुंधा ठोकोन पाहिला. ठण्ण! ढोलीभोवती चहूंकडे ठण्ण! मग दोर टाकोन वर गेल्या आणि एकेक फांदी ठोकिली, तो पाचवीच्या वर्गाच्या कौलांवर झुकलेली एक थोर फांदी तेवढी भद्द बोलिली.

बाई खाली येवोन म्हणाल्या, "साहेब, ही एक फांदी किडली आहे. ती काढते, वाळक्या फांद्याही काढते. बाकी चिंच ठणठणीत आहे." नगरपती म्हणाले, "उगाच नाटकं नकोत. किडलं की उपटायचं!" तेव्हा बाईंनी कमरेवर हात ठेविले. "असं? मग तुमची खालची डावी दाढ किडली होती, तेव्हा 'उपटू नका हो बाई, वाचवा' म्हणून माझ्या खुर्चीचा हात कोणी मोडला? वाचवली ना मी? आज त्याच दाढेनं चावून खाता आणि मला उपटायचं शिकवता?" पटांगणात हशा ऐसा उसळला की जेसीबीचा चालकही खाली उतरोन हसला. नगरपतींचा हात गालाकडे गेला. म्हणाले, "बरं. करा. पण एक कौल जरी फुटलं, तर चिंच आजच जाईल, आणि तुम्ही गुमान दात काढायला बसाल." बाई म्हणाल्या, "कबूल."

मग सारंगचाचांस बोलावणे धाडिले, मुलींस दूर ओट्यावर बसविले, आणि दोर वरल्या भक्कम बेचक्यातून ओवोन एक टोक फांदीस बांधिले, दुसरे टोक बुंध्यास वेढे देवोन सारंगचाचांनी धरिले, आणि बाई वर गेल्या. करवत गर्जू लागली. आधी खालून काप, मग किंचित पुढे वरून, म्हणजे साल सोलोन जात नाही. फांदी सुटली! आणि सुटताच कौलांकडे झुलली! मुलींनी डोळे मिटिले. बाई वरून ओरडल्या, "चाचा, धरा!" चाचा टाचा रोवोन ओरडले, "धरलंय गो, मी काय झोपलोय?" दोर करकरला, फांदी हवेत थरारली, तिचे पानांनी कौले नुसती झाडल्यासारखी झाडली, आणि मग पाळण्यातले मूल उतरावे तैसी ती हळूहळू भुईवर आली. एक कौल हलले नाही. बाईंनी मागे राहिलेला खुंट साफ कापिला, परंतु फांदीचे मुळाशी खोडास जो फुगीर कंगोरा असतो, ज्यातून झाडाची जखम भरते, त्यास धक्का लाविला नाही. मुलींनी ऐसा जयघोष केला की पोपटांनी नगरप्रदक्षिणा घातली. मातोश्री फाटकाशी केव्हाच्या उभ्या होत्या. शेजारणीस म्हणाल्या, "बघितलंस? चढते माझी लेक!"

विजय साजरा व्हावा म्हणोन मुलींनी गाभुळलेल्या चिंचा वाटिल्या. नगरपतींनीही एक दिलदारीने चाविली, आणि तात्काळ गाल धरोन कळवळले. "बाई... उजवी आता. दवाखाना कधी उघडता?" बाई दोर गुंडाळीत म्हणाल्या, "दात असेल तर दुसरीकडे दाखवा, साहेब. झाड असेल तर मला बोलवा."

तात्पर्य, चिंच राहिली, पाचवीचे छप्पर राहिले, सिमेंटबाई हे नाव मात्र राहिले नाही. सांप्रत नगरात करवत चालवण्याआधी चारुलताबाईंस विचारितात, आणि बाई बहुतकरून जमिनीवर सापडत नाहीत. वर पाहोन हाक मारावी.