हिकमतुल्लो आणि न लागणारं दही

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," हिकमतुल्लो म्हणायचा. "मुंगी बसमध्ये चढली असती, तर तिचंही तिकीट मी तपासलं असतं."

यातला तिकिटाचा भाग खरा होता. पंजकेंतच्या बसमध्ये जन्मभर तिकिटं तपासून तो नुकताच निवृत्त झाला होता. घरी बसल्या बसल्या आपण मुळात गुप्तहेर आहोत, असा शोध त्याला लागला. आजवर त्याला लागलेला हा एकुलता एक शोध. त्याच्या मते त्याचं नाक तीक्ष्ण होतं, बुद्धी अफाट होती आणि चेहरा असा होता की गुन्हेगाराने बघताक्षणी कबुली द्यावी. त्याची बायको सनवबर लग्न झाल्यापासून हा चेहरा बघत आली होती, तिने अजून काही कबूल केलेलं नव्हतं. तिला त्याने सहायक नेमलं होतं. नेमताना विचारलं मात्र नव्हतं.

नेमकं त्याच सुमारास घरचं दही लागेनासं झालं.

सनवबर रोज संध्याकाळी कोमट दुधाला विरजण लावायची, हंडी कोठीत ठेवायची आणि आईच्या जुन्या गादीदार जाम्यात, कापूस भरलेल्या त्या लांब कोटात, गुंडाळायची. सकाळी दही घट्ट लागलेलं असायचं. ते फडक्यात टांगलं की चक्का तयार. मग कोशात, म्हणजे खोलगट वाडग्यात, चक्का, वर जर्दाळू, चेरी, अक्रोड आणि मधाची धार. उन्हाळाभर त्या घरात दुपारी दुसरं काही शिजायचं नाही. ते विरजण सनवबरच्या आईचं होतं. लग्नात माहेराहून दोन सतरंज्या आणि एक वाडगं विरजण आलं होतं. सतरंज्या कधीच विरल्या. आई मागच्या हिवाळ्यात गेली. विरजण तेवढं उरलं होतं. पण आता हंडीतलं दूध रोज सकाळी पातळच्या पातळ निघायचं, आणि वाडग्यात चमचाभर विरजण शिल्लक होतं.

त्यात दुशांबेहून निगिनाचा फोन आला. मुलगी पोटुशी होती. "आई, काही म्हणजे काही पोटात ठरत नाही गं. आजीसारखा चक्क्याचा कोसा कर ना, मी येतेय."

"घाबरू नकोस," हिकमतुल्लो बायकोला म्हणाला. "केस माझ्या हातात आहे."

"म्हणूनच घाबरतेय," सनवबर म्हणाली.

पहिला संशय गायीवर गेला. ती मनाविरुद्ध दूध देत असणार. त्याने गायीसमोर बसून तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. गायीने रवंथ केलं. "सराईत आहे," असं म्हणून तो उठला.

दुसरा संशय चहाखाना चालवणाऱ्या दावरोनवर. गावात दही लागलं नाही, तर लोक त्याच्याकडे ताक प्यायला जातील! पण दावरोनने त्याला फुकट चहा पाजला आणि आरोपी निर्दोष ठरला.

तिसरा संशय पक्का होता. पलीकडच्या घरातली मवजुदा खोला. वयाने मोठी, म्हणून अख्खी आळी तिला खोला म्हणजे मावशी म्हणायची.

"रोज सूर्य कलला की ती आपल्या दारात येते," हिकमतुल्लो खालच्या आवाजात सांगू लागला. "पदराखाली काहीतरी झाकलेलं. मी अडवतो. विचारतो, कुठे निघालात, कशाला, कुणी पाठवलं, परवा काय जेवलात? ती उत्तरं देते. देता देता सारखी आभाळाकडे बघते. आणि सूर्य डोंगराआड गेला, की ‘अल्ला, मेला बुडाला!’ म्हणून घरी पळते. आभाळातून तिला इशारे येतात, सनवबर!"

"मला हाक मारायची होतीस."

"सहायकाला सगळं सांगायचं नसतं. आणि रात्री मी तिच्या दारासमोर पहारा देतो, तो अशा वेशात की तूसुद्धा ओळखणार नाहीस."

"नदीवरून वारा सुटतो. गारठशील."

"तिथेच तर माझी अक्कल दिसते," तो म्हणाला आणि गूढ हसला.

त्या संध्याकाळी सनवबरने शेवटचा चमचा दुधात कालवला. वाडगं बोटाने निपटून घेतलं आणि बोट पुन्हा दुधात बुडवलं. मग हंडी जाम्यात घट्ट गुंडाळली. आई दुसऱ्यांदा जाईल की काय, असं तिला वाटत होतं.

सकाळी ती कोठीकडे निघाली, तर दारावर दोरी बांधलेली. "पुराव्याला हात लावायचा नाही!" बाहेरून आवाज आला. "सगळ्यांसमोर उघडणार."

अंगणातल्या तुतीखाली त्याने संशयितांना जमवलं होतं. दावरोन होता, मवजुदा खोला होती, गाय खुंट्याला होती. आणि मधोमध खुद्द हिकमतुल्लो, निळ्या गादीदार जाम्यात, घामाने डबडबलेला. एरवी तो पहाट व्हायच्या आत वेश उतरवत असे. पण आजचा दिवस मोठा, कोटाशिवाय गुप्तहेर शोभतो का?

"गुन्हेगार," त्याने बोट उगारलं, "अंधारात कोठीत शिरतो. हंडीशी खेळतो. त्याच्या अंगाला दुधाचा वास येतो, त्याच्या मागे मांजरं फिरतात—"

त्याच्या पायांशी दोन मांजरं जाम्याचं टोक चाटत होती.

"हिकमत," मवजुदा खोला म्हणाली, "हा तुझ्या सासूचा जामा ना?"

"विषयांतर नको."

"हंडीवरचा?"

सनवबरने दोरी तोडली. कोठीत गार फरशीवर हंडी उघडीबोडकी बसली होती. आत दूध हललं, पाण्यासारखं. ती तिथेच फतकल मारून बसली. रागवावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिने आधी रागवून घेतलं. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. गायीनेही मान फिरवली.

"मी... पहाटे परत गुंडाळून ठेवायचो," हिकमतुल्लो पुटपुटला. "थंडी फार असते गं."

"हंडीलाही असते, गाढवा!" सनवबरने गार हंडी जवळ ओढली. "शेवटचा चमचा होता. आईचा."

"शेवटचा कशाने?" मवजुदा खोलाने पदराखालून वाडगं काढलं. त्यात पांढरंशुभ्र, घट्ट दही. "निगिना झाली, तू बाळंतिणीच्या खोलीत, तेव्हा तुझ्या आईने भिंतीवरून मला हेच विरजण दिलं होतं. तेव्हापासून माझ्याकडे रोज लागतंय. तुझं दूध बिघडतंय हे ऐकल्यापासून आणतेय. पण हा दारात धरून ठेवायचा. तिन्हीसांजेनंतर पांढरं घराबाहेर कसं द्यायचं, तूच सांग!"

सनवबरने वाडगं दोन्ही हातांनी घेतलं. मग नवऱ्याच्या अंगावरून जामा ओढून काढला.

निगिना आली तेव्हा तुतीखाली कोसा तयार होता. चक्का, सोललेले बदाम, अक्रोड, जर्दाळूच्या फोडी, चेरी. तिने शेवटचा घास चाटून संपवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आजीच." आणि ते पोटात ठरलं. सनवबरला रडू आलं, तिने ते आवरलं नाही.

हिकमतुल्लोने घसा खाकरला. "मी गुन्हेगारावर पहिल्या दिवसापासून नजर ठेवून होतो. एक क्षण त्याची साथ सोडली नाही." त्याने उरलेल्या चक्क्याकडे हात पुढे केला. "माझा कोसा?"

सनवबरने भांडं आपल्याकडे ओढलं.

"पुरावा आहे," ती म्हणाली. "हात लावायचा नाही."