पोहोचलं का?

आमच्या ऑफिसातले गजाननभाऊ "पंखा बंद करा" एवढं सांगतात आणि लगेच विचारतात, "पोहोचलं का?" आपण 'पोहोचलं' म्हणेपर्यंत जागचे हलत नाहीत. पंखा मात्र शेवटी तेच बंद करतात.

भाऊ प्रोग्रामर. त्यांचं जन्माचं वैर एकाच गोष्टीशी, बफरशी. म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. "प्रोग्रामनं ओळ लिहिली म्हणून ते लगेच दिसत नाही जी. बेसाला जाणारा शेअर ऑटो पाहिला ना? सवाऱ्या भरल्याबिगर हलत नाही. तशा ओळी आत बसून राहते." विंडोजवर हा ऑटो एका तऱ्हेने सुटतो, लिनक्सवर दुसऱ्या, आणि पायथनच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांचे रुसवेफुगवे आणखी वेगळे. भाऊंना सगळं तोंडपाठ. ओळ ताबडतोब बाहेर ढकलण्याला 'फ्लश' म्हणतात, तो ते प्रत्येक ओळीमागे घालतात. त्यावरून त्यांना पडलेलं नाव इथे छापण्यासारखं नाही. पण कामात असा चोख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा आमचा एक प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या मशीनवर मधेच मेला. नोंदींची फाईल उघडली तर कोरी. आम्ही हातपाय गाळले. भाऊंनी फ्लश घालून तो पुन्हा चालवला आणि पाच मिनिटांत चूक सापडली. आम्ही टाळ्या पिटल्या. भाऊ मात्र त्या कोऱ्या फाईलकडेच बघत होते.

"मरतानी सांगत होता गा तो," म्हणाले. "आतलं आतच राहून गेलं."

पुढे वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द अडकू लागले. पुन्हा नीट बोलतील की नाही, डॉक्टरही सांगेनात. मी भेटायला घरी गेलो. वहिनी माझ्याकडे पाहून काही सांगू बघत होत्या.

"हे... हे..."

मला ते बघवेना. म्हटलं, "चहा ना वहिनी? राहू द्या."

भाऊंनी माझा हात दाबला. "थांबा जी. येऊन राहिलं."

आणि तो उतावळा माणूस मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसला. किती वेळ, कोण जाणे. मीच दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"हे... लय... बोलते," वहिनी म्हणाल्या, नवऱ्याकडे बोट करून.

भाऊंचे डोळे भरून आले.

"पोहोचलं वं," ते म्हणाले. "पोहोचलं."