शंभर टक्के गावरान गेम

मारुतराव आबा संगणक कक्षात आले ते हातात टेप घेऊनच. टेपचं एक टोक त्यांनी ट्रॅक्टरवाल्या शंभूच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माप घेतलं. मग छताकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि समाधानानं मान हलवली.

"आबा, काय चाललंय?" अंकितानं विचारलं.

"खताच्या गोण्या किती थर बसत्यात ते बघतोय."

कवठे येमाईच्या सोसायटीचे आबा चेअरमन, आणि खोली सोसायटीची. त्यामुळे माप घ्यायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. खोलीतली मशीनं मात्र अंकितानं एका कारखान्याच्या भंगारातून मागून आणली होती. नवं काही त्यांना झेपत नाही म्हणून तिनं त्यांत विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. ते फुकट मिळतं आणि थकल्या मशीनलाही चालतं ठेवतं. शाळा सुटली की पोरं तिथं शिकायला येत, दुपारी बचत गटाच्या बाया येत. अंकितानं पुण्यातली नोकरी नाकारली होती ती या खोलीसाठी, आणि गावात अजून तिला त्याबद्दल वेड्यात काढलं जात होतं.

"जत्रा झाली की खताची गाडी येतीय. तवर खोली मोकळी कर," आबा म्हणाले.

"आणि कॉम्प्युटर?"

"त्यांच्यापायी ऊस वाढतो का?"

ऊस वाढत नव्हता हे खरं. पण आबांचं दुखणं कुठं आहे हे अंकिताला पक्कं ठाऊक होतं. आबांची मुलगी अनुपमा भांडगावला दिलेली. तिचे सासरे सर्जेराव यांनी हायवेला लागून मुलासाठी गेमचं पार्लर काढलं होतं. काचेचं दार, एसी, फिरत्या खुर्च्या. दिवाळसणाचं आमंत्रण द्यायला आबा तिथं गेले तेव्हा सर्जेरावांनी त्यांना कौतुकानं एका खुर्चीत बसवलं आणि गिरकी दिली. आबांची टोपी एकीकडे आणि आबा दुसरीकडे, असं दृश्य अख्ख्या पार्लरनं पाहिलं. त्या दिवसापासून आबा भांडगावचं नाव निघालं की पाणी मागायचे.

"आबा," अंकिता हळूच म्हणाली, "जत्रेत भांडगावशी गेमची मॅच लावू या का? सर्जेराव काकांच्या पार्लरविरुद्ध आपला कक्ष. तो ट्रॉलीचा गेम आहे ना, उसाची ट्रॉली भरायची आणि उलटू न देता कारखान्यावर पोचवायची."

आबांच्या हातातला टेप सर्रकन गुंडाळला गेला.

"हरवशील त्यांला?"

"शंभू खेळेल. जन्म गेलाय त्याचा ट्रॉली ओढण्यात."

"हरवलंस तर खोली तुझी. हरलीस तर गोण्या," आबा म्हणाले, आणि शंभूच्या देखत शब्द दिला.

सर्जेरावांना फोन गेला. ते इतक्या मोठ्यानं हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "व्याही, तुमच्या त्या लिनक्सवर गेम चालत नसतो. गेम असतो विंडोजचा. अस्सल माल आमच्याकडं हाय. तरी येतो आम्ही. आमचं मशीन आम्ही घिऊन येतो."

आबांनी फोन ठेवला आणि अंकिताकडे बघितलं. "चालतो का गं?"

इथं अंकितानं एक चूक केली. तिनं खरं उत्तर दिलं.

"दोन तऱ्हा आहेत, आबा. या गेमच्या कंपनीनं एक आवृत्ती खास लिनक्ससाठी बनवली होती, तिला नेटिव्ह म्हणतात. दुसरी विंडोजची. तीही आपल्याकडे चालते, पण मध्ये एक थर टाकावा लागतो."

"म्हंजी एक गावरान, आन् एक भायरनं आणून मधी कुणीतरी घालून चालवायचं."

"तसंच थोडंफार. पण आबा, इथं गावरानपेक्षा..."

"गावरानपेक्षा काय?"

'गावरानपेक्षा' असं सुरू झालेलं वाक्य आबांसमोर आजवर कोणी पुरं केलं नव्हतं, अंकितानंही केलं नाही. आबा कोंबडी गावरान खात, अंडं गावरान खात, कोथिंबीरसुद्धा हुंगून घेत. पुण्यातल्या एका लग्नातून ते तुपाचा वास घेऊन उपाशी परतले होते. दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर गॉगल लावलेले, कानाला मोबाईल धरलेले आबा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'भव्य ट्रॉली स्पर्धा. कवठे येमाई विरुद्ध भांडगाव. आमच्याकडे शंभर टक्के गावरान गेम.'

फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत होता त्याच दुपारी अंकितानं गावरान गेम मशीनवर चढवला. तो उघडला. शंभूनं ट्रॅक्टर सुरू केला, दोन वळणं घेतली आणि थांबला.

"ताई, ट्रॉलीत ऊस न्हाई."

"भरला नसशील."

"भरला की. वजन दावतंय. ऊस दिसंना."

ऊस खरोखरच नव्हता. हॉर्न वाजत नव्हता आणि पुलावर गेलं की ट्रॅक्टर पुलाच्या आतून जायचा. वर भांडगावच्या, म्हणजे विंडोजच्या, आवृत्तीशी जोडायला गेलं की हा गेम तिला ओळखच दाखवत नव्हता. कंपनीनं लिनक्ससाठी हौसेनं एकदा तो बनवला आणि मग त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. विंडोजच्या आवृत्तीची डागडुजी पुढे काही वर्षं चालू राहिली, हा मात्र आहे तिथंच राहिला.

मग अंकितानं विंडोजची आवृत्ती घेतली, मधला थर लावला आणि गेम सुरू केला. ट्रॉलीत ऊस होता. उसाला वाळक्या पानांचं पाचट होतं. हॉर्न वाजला तेव्हा बाहेर झोपलेलं कुत्रं उठून बाजूला झालं.

"हे कसं काय?" शंभू खुर्चीत सावरून बसला.

"गेमला वाटतं आपण विंडोजच्या घरात आहोत. तो विंडोजला हाक मारतो, फाइल दे, चित्र काढ, आवाज कर. आणि मधला थर दर हाकेला ओ देतो, मग ते काम लिनक्सकडून करून घेतो. गेमला पत्ताही लागत नाही."

"आन् हे ओ देणारं कुणी बनवलं?"

"जगभरच्या माणसांनी. वर्षानुवर्षं बसून. गेम कोणकोणती हाक मारेल ते एकेक शोधत गेले. काहींना पगार मिळतो, कित्येकांनी नुसतं आवडलं म्हणून केलं."

शंभू त्या पाचटाकडे बघत राहिला. अंकिताही बघत राहिली. हा थर तिनं आधी पुष्कळदा वापरला होता, पण प्रत्येक वेळी तिला तेवढंच नवल वाटायचं. आपण कधी न पाहिलेल्या माणसांनी आपल्या भंगारातल्या मशीनची इतकी काळजी घ्यावी, याचं तिला मनापासून अप्रूप होतं.

"पण फ्लेक्स?" ती म्हणाली.

"आबा काय चव घिऊन बघणार हायेत का?" शंभू म्हणाला.

जत्रेच्या दिवशी देवळासमोरच्या मांडवात मोठा पडदा लागला. सर्जेराव आले ते पांढऱ्या गाडीतून. पुढे ते, मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं मशीन, आणि त्याला धरून बसलेला त्यांचा मुलगा विश्वजीत, म्हणजे आबांचा जावई. मशीन नवंकोरं होतं. खास या मॅचसाठी सर्जेरावांनी पार्लरमधली सगळी जुनी मशीनं काढून टाकून नवी भरली होती. याच्या पोटात लाल-निळे दिवे फिरत होते आणि मांडववाला त्याच्याकडे आदरानं बघत होता.

विश्वजीतनं गेम सुरू केला. तो उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.

"तुमच्या गावात व्होल्टेज न्हाई," सर्जेराव म्हणाले.

सोसायटीतून स्टॅबिलायझर आला. गेम उघडला आणि मिटला. मग पाळणेवाल्याचा जनरेटर आला, त्यासाठी पाळणा थांबवावा लागला, वर अडकलेल्या बाया आरडाओरडा करू लागल्या, आणि गेम उघडून मिटला. विश्वजीतनं वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारी उभ्या अंकिताला ते ऐकू आलं. गेमची कंपनी कधीच बंद पडली होती. मशीन नवं, गेम जुना, आणि नव्या मशीनसाठी त्याला तयार करणारं आता कोणी उरलं नव्हतं. जुनी मशीनं असती तर चालला असता.

मांडवातले लोक म्हणू लागले की बैलगाडा सुरुवातीच्या दोरीला आलाच नाही, तर शर्यत कवठ्याची. अंकिताच्या जिवात जीव आला. न खेळता खोली वाचत होती, आणि फ्लेक्सची अब्रूही झाकली राहत होती.

पण आबा उठले आणि त्यांनी माईक घेतला. "समोर कोण हाय? जावई हाय. जावयाला दारात हुबा करून माघारी लावायची रीत आपल्यात न्हाई. अंकिता, जावईबापूंना आपलं एक मशीन दे. त्यांला बी गावरान काय असतंय ते कळू दे."

"आबा, नको..."

"दे म्हणतो ना."

विश्वजीत अंकिताच्या मशीनसमोर बसला. पडद्यावर गेमचं पहिलं चित्र आलं आणि त्याचा चेहरा खुलला. आबांनी माईक त्याच्याच तोंडासमोर धरला होता.

"मामा, ही तर आमचीच आवृत्ती हाय. विंडोजची. गावरान न्हाई ही."

सर्जेराव खुर्चीवरून सावकाश उठले. "व्याही," ते म्हणाले, "फ्लेक्सवर तर निराळंच लिव्हलंय."

आबांनी अंकिताकडे बघितलं. ते बघणं तिला टेपच्या मापापेक्षा जड गेलं. तिनं माईक मागून घेतला, गावरान गेम उघडून मोठ्या पडद्यावर लावला आणि शंभूला ट्रॅक्टर पुलावर न्यायला सांगितलं. बिनउसाची ट्रॉली पुलाच्या पोटातून गेली तेव्हा मांडवात पहिल्यांदा हशा पिकला. मग तिनं दुसरा लावला. हॉर्न वाजला, पाचट हललं. हाका कोण मारतं आणि ओ कोण देतं, हेही तिनं सांगितलं. तिनं काही लपवलं नाही.

"मी तुम्हाला फसवलं, आबा. पण यात कमअस्सल काही नाही. हे करणाऱ्यांनी जीव ओतलाय."

आबांनी एकच विचारलं. "म्हंजी पाव्हण्यांचा गेम पाव्हण्यांच्या नव्या मशीनवर चालंना, आन् आपल्या भंगारावर चालतोय?"

"हो, आबा."

"हां," आबा म्हणाले आणि खाली बसले. "लावा शर्यत."

शर्यत लागली. शंभूनं सुरुवातीलाच आघाडी घेतली. वळणावर तो असा झुकायचा की मागची रांगही त्याच्याबरोबर झुकायची. विश्वजीतची ट्रॉली दोनदा डगमगली. शेवटचं वळण संपलं, कारखान्याची चिमणी दिसली, गेट दिसलं, आणि गेटसमोर शंभूनं ट्रॅक्टर थांबवला. पुढे गेमनं स्वतःच्या चार ट्रॉल्या उभ्या केल्या होत्या, अडथळा म्हणून. त्यांना वळसा घालून आत घुसायचं होतं.

"शंभू, चल की," अंकिता ओरडली.

"रांग हाय ताई."

"अरे, खोटी आहे ती."

"खोटी असली तरी नंबर लागल्याबिगर कसं घुसायचं?"

मांडवातले निम्मे लोक हंगामात तशाच रांगेत रात्रंदिवस काढलेले. त्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात विश्वजीत बाजूच्या शेतातून ट्रॉली घालून गेटच्या आत गेला होता. भांडगाव जिंकलं.

अंकितानं डोळे मिटले. तिला गोण्यांचा वाससुद्धा येऊ लागला.

सर्जेरावांनी मात्र मिशीवर ताव मारला नाही. ते अंकिताच्या कळकट मशीनजवळ आले, त्याच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि आवाज नरम करून म्हणाले, "व्याही, जिंकलो खरं. पण उद्या पार्लर उघडायचं तर चालवायचं काय? निम्मी पोरं ह्याच गेमसाठी येत्यात. ही पोरगी आमच्याकडं द्या. आमच्या मशीनीत बी ते ओ देणारं घालंल. खुर्ची देतो, एसी देतो."

आबा एकदम ताठ बसले आणि त्यांनी माईक ओढून घेतला. जावई जिंकला होता, व्याही हात जोडून उभे होते आणि सारा गाव ऐकत होता. असा क्षण चेअरमनच्या नशिबी फार वेळा येत नाही.

"अंकिता कुठं जायची न्हाई," ते माईकमध्येच म्हणाले. "ज्याला शिकायचं त्यानं हितं यायचं. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. कायमची खोली हाय ती."

माईकवरून बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे बोलून झाल्यावर आबांच्या लक्षात आलं असावं, कारण ते घोटभर पाणी प्यायले. अंकिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते शंभूला दिसू नये म्हणून ती उगाचच वायर गुंडाळत बसली. शंभूला दिसायचं ते दिसलंच.

"पण आबा," तो म्हणाला, "परवा खताची गाडी येतीय. गोण्या कुठं उतरवायच्या?"

आबांनी मांडवावर नजर टाकली, देवळाकडे बघितलं, आणि मग त्यांची नजर सर्जेरावांवर येऊन थांबली. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला.

"पाव्हणं," ते गोड आवाजात म्हणाले, "तुमचं पार्लर सध्या मोकळंच हाय न्हवं?"